खांद्यावरचा ओला टॉवेल

मी इथली मुकादम म्हणून नव्या साहेबांनी माझ्या हातात टॅबलेट ठेवला तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं.

हॉस्पिटलच्या चादरी धुणारी आमची लाँड्री. इस्त्रीच्या रोलरपाशी उभं राहिलं की घामाच्या धारा लागतात. म्हणून आमची एक रीत. जिला चक्कर येतेय असं वाटेल तिनं खांद्यावर ओला टॉवेल टाकायचा, शेजारची बाई काही न विचारता तिची जागा घेते. जुने साहेब खाली यायचे, टॉवेल दिसला की पंखा तिकडे वळवायचे. नवे साहेब वरच्या गार खोलीत बसून पडद्यावर आम्हाला बघतात. आम्हाला कसलं, आमच्या गळ्यातल्या कार्डांना! पडद्यावर टॉवेल दिसत नाही. कार्ड जागेवर नाही एवढंच दिसतं.

आज टॅबलेटवर माझ्या वहिनीचं नाव लाल झालं. 'कामावरून कमी करा', आणि खाली बटण, 'मंजूर'. दादा गेल्यापासून तिचं घर याच रोलरवर चालतं, आणि ते बटण मी, तिच्या नणंदेनं, दाबायचं!

मी तरातरा वर गेले.

"साहेब, ती कामचुकार नाही. तिला घेरी येते."

"ताई, मी काय करणार? सिस्टिम सांगते."

"मग मी बटण दाबणार नाही."

"नका दाबू. संध्याकाळी ते आपोआप मंजूर होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'नाही' म्हणायची सोयच नसेल, तर मला विचारता कशाला? पाप माझ्या माथी मारायला?

खाली आले, टॉवेल बादलीत बुडवला आणि खांद्यावर टाकला. शेजारणीनं पाहिलं, तिनंही टाकला. मग एकेक करत सगळ्यांनी टॉवेल टाकले आणि जागा सोडल्या. जागा घ्यायला कोणी उरलंच नाही. मी रोलर बंद केला.

साहेब धापा टाकत खाली आले. पहिल्यांदाच.

"काय चाललंय हे? वर सगळं लाल झालंय!"

"वहिनीचं नाव काढा त्यातून."

"मला तो अधिकार नाही हो."

खरं बोलत होते बिचारे, म्हणून तर जास्तच संताप आला.

"अधिकार नाही, तर साहेब कशाचे? ज्याला आहे त्याला बोलवा इथे, या रोलरपाशी."

ते फोन लावत राहिले. पलीकडून कोणी उचलेना. शर्ट घामानं पाठीला चिकटला, पण पंखा कुणी त्यांच्याकडे वळवला नाही.

वहिनी पिशवी घेऊन दाराशी उभी होती, मान खाली घालून.

"ठेव ती पिशवी खाली, वहिनी," मी ओरडले. "आज तू एकटी लाल नाहीस."