पाटीमागचा गोल कोपरा

"कोपऱ्यासंगं मांगची भिंत बी खाली येईन का?" नसीमने विचारले.

इब्राहीमने रस्तारुंदीसाठी भिंतीवर मारलेल्या लाल रेघेवरून बोट फिरवले. "येऊ शकते. वीस वर्षांपहिले टाचे मारून तिले हा कोपरा पक्का जोडला आहे."

बल्लारपूरचा तो चौक रुंद होणार होता. कोपरा स्वतःच्या हाताने उतरवण्याची परवानगी इब्राहीमने मिळवली होती. चार वाजल्यानंतर पाडकामाचे मशीन येणार होते. मागच्या मूळ भिंतीवर छताची तुळई टेकली होती. ती भिंत गेली, तर राहते घर जाणार होते.

घर त्याच्या गवंडी वडिलांनी, सगळ्यांच्या चाचांनी, बांधलेले. पेपर मिलकडे जाणाऱ्या बैलगाड्या वळताना लांब बांबू भिंतीला घासत, म्हणून त्यांनी कोपरा गोल घडवला आणि त्यावर चुन्याचा गिलावा आरशासारखा घोटला. पुढे इब्राहीमच्या बायकोने, नसीमने, तिथे शिवणकाम सुरू केले. गोल भिंतीवर दुकानाची पाटी बसेना. तेव्हा इब्राहीमने, तोही गवंडीच, गोलाईपुढे विटा रचून कोपरा चौकोनी केला. नव्या कामाला पकड मिळावी म्हणून जुन्या भिंतीवर छिन्नीचे टाचे मारायला त्याने हाताखालच्या सोमाजीला बसवले होते.

तोच सोमाजी आज घण घेऊन आला होता. "पहिला घाव मी घालतो, इब्राहीमभाऊ."

"हळू मार. तुळई पाहून."

तिसऱ्या घावाला विटांची अख्खी फळी जागेवरून सुटली आणि खाली बसली. धूळ विरली. तुळई जागची हलली नव्हती. आत पांढरी गोलाई होती, एकही ओरखडा नसलेली.

इब्राहीमने तिच्यावर तळहात ठेवला. मग तो वरून खाली फिरवला.

"सोम्या, टाचे कुठी आहेत?"

सोमाजी घणाच्या दांड्याकडे पाहू लागला. "नाई मारले. चाचांचा गिलावा होता. छिन्नी ठेवली, पण हात नाई उठला."

"मंग दिवसभर काऊन ठोकून राह्यला होता?"

"दगडावर ठोकत होतो. तुमाले आवाज पायजे होता ना."

नसीम तोंडाला पदर लावून हसली. "अन् हे बुढे सांगत फिरतात, माह्या कामात खोट नाई म्हणून."

"तवाच काऊन नाई सांगतलं?"

"हाकललं असतं तुमी."

"हाकललंच असतं," इब्राहीम म्हणाला आणि सोमाजीच्या हातातला घण काढून घेतला. "बस आता. चहा घे."

उतरवलेली पाटी ओट्याला टेकून उभी होती. गोल भिंतीवर ती आता पुन्हा बसणार नव्हती. मागे लांब बांबू बांधलेली सायकल ढकलत एक बुरूड चौकात वळला. तिघेही बांबूंच्या टोकांकडे पाहत राहिले. टोके गोल भिंतीपासून वीतभर दुरून गेली.