सुट्या भागांचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर तयार घ्यावा की सुटे भाग आणून घरीच जोडावा, यावरून आमच्याकडे कितीतरी दिवस धुसफूस चालली होती. मी समजावून सांगायचे आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाइकाच्या पिशवीत साखर ओतत राहायचे. धर्मापुरीत आमचं किराणा दुकान आहे, वर घर. एखादी गोष्ट पटत नसली की आप्पांना गिऱ्हाईक फार प्रिय होतं.

"तयार घे की गं कावेरे," ते म्हणायचे. "बिघडला तर दुकानदाराला धरता येतंय. तू जोडलेला बिघडला तर कुणाला धरायचं?"

"मला धरा."

"तुला धरून काय करू?"

मग मी चिडायचे. तयार कॉम्प्युटर मी बघून आले होते. बाहेरून लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई, आणि आत माझ्या कामापुरता जोर नाही.

माझं काम म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करणं. नकाशावरून भिंती उभ्या करायच्या, त्यांच्यावर ऊन पाडायचं. पुण्याच्या एका ऑफिसने चाचणी म्हणून एका शाळेचं चित्र मागितलं होतं, आज संध्याकाळपर्यंत. आवडलं तर घरी बसून कायमचं काम. नाही तर पुन्हा पुणं, पुन्हा कॉट बेसिसवर अनोळखी मुलींबरोबर एक खोली. माझ्या जुन्या लॅपटॉपला ते चित्र पेलत नव्हतं. ऊन पाडायला घेतलं की तो मान टाकायचा.

शेवटी मी सुटे भागच आणले. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा काल संध्याकाळीच बसवला होता. आज सकाळी अंघोळ करून आले आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून उरलेले भाग जोडले. एक डोळा व्हिडिओवर, एक हातातल्या स्क्रूवर. सगळं जोडून झालं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि स्क्रीन काळीच राहिली.

वायर काढून परत लावली. काळी. दुसरी वायर लावली. काळी. दुपार होत आली होती आणि चित्र तयार व्हायलाच तीनेक तास लागणार होते.

आप्पा जिन्यावरून डोकावले. "झालं का?"

"होईल."

थोड्या वेळाने पुन्हा आले. "अजून न्हाई?"

मला वाटलं, हे माझ्या फजितीची वाट बघतायत. आता खाली जाऊन आईला सांगतील, मी म्हणलो नव्हतो का.

"आप्पा, तुम्ही खाली जा," मी तोडून बोलले. ते गेले.

मग मी एकेक भाग परत उपसायला घेतला. रॅमची पट्टी काढून खिडकीपाशी उजेडात धरली. तिच्या कडेला सोनेरी दात असतात, तिथूनच तिचं मशीनशी बोलणं चालतं. त्या दातांवर काहीतरी पांढुरकं वाळलं होतं. दुसऱ्या पट्टीवरही तेच. चित्रात ऊन पाडायला लागतं ते ग्राफिक्स कार्ड काढलं. त्याच्या सोनेरी कडेवर तर सरळ तीन आडवे पट्टे होते, शेजारी शेजारी, बोटांच्या रुंदीचे.

आमच्या घरात तीन बोटांनी भस्म लावणारं माणूस एकच. मी कार्ड घेऊन जिन्याच्या तोंडाशी गेले आणि हाक मारली. आप्पा लगबगीने वर आले.

"हे काय आहे?"

"भस्म," ते सहज म्हणाले. "तू अंघोळीला गेलती तवा लावलं. दुकानात नवा काटा आणला तरी आधी लावतोच की आपण."

"पण नेमकं इथं कशाला?"

"तेच सोन्यावानी लई चांगलं दिसत हुतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्हाला तर हा कॉम्प्युटर नकोच होता!"

"नको हुता म्हणून बंद पडावा असं थोडंच हाय?" आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "रोज बघतोय, तुझ्या घशाखाली घास उतरत न्हाई. मला ह्यातलं काय कळत न्हाई. मला येतं तेवढं केलं."

मी नखाने एक पट्टा खरवडून पाहिला. ते बघत होते, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हंजे मी बिघडवला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं, पण मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले आणि पाठीमागे धरले, पुन्हा कशाला लागू नयेत म्हणून. जिना उतरतानाही ते तसेच उतरले. मला ते बघवलं नाही.

मी खोडरबर घेतलं आणि एकेक दात घासत बसले. पट्ट्या बसतात त्या खाचांमधली भुकटी रंगाच्या कोऱ्या ब्रशने काढली. आतापर्यंत मला पुण्याचं काम हातचं जाण्याची भीती होती. ती आता कुठल्या कुठे मागे पडली. काम गेलं तर दुसरं बघता आलं असतं. पण हे मशीन सुरू झालं नाही तर हा माणूस आयुष्यभर म्हणत राहणार होता की पोरीचं मी वाटोळं केलं. मी कितीही नाही म्हटलं तरी ऐकणार नव्हता.

सगळं परत बसवलं. बटणावर बोट ठेवलं आणि दाबायचा धीर होईना. शेवटी दाबलं.

पंखे फिरले. स्क्रीन काळी. मी दहापर्यंत आकडे मोजले. काळीच. आणि मग कोपऱ्यात पांढरी अक्षरं उमटली.

मी तशीच जिना उतरले. आप्पा गल्ल्यावर बसून एका बाईंना तूरडाळ तोलून देत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"न्हाई ना झालं?" त्यांनी विचारलं. उत्तर आधीच गिळून बसल्यासारखा आवाज होता.

"झालं, आप्पा. सुरू झालं."

त्यांनी मान हलवली. तोललेली डाळ उचलली, बाईंच्या पिशवीऐवजी मागच्या पोत्यात परत ओतली आणि पोत्यात हात तसाच ठेवून बसून राहिले.

"शेठ," बाई म्हणाल्या, "माझी डाळ?"

आप्पांना ऐकूच आलं नाही. शेवटी ती मीच तोलून दिली.