उंबऱ्यावरची घडीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. जुनी म्हणा, चालेल. मोडकी म्हणालात तर बिजागरीत बोट चिमटीन, आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. नळ्या वाकवल्या, वर पत्रा ठोकला, हिरवा रंग फासला आणि भावंडांबरोबर टेम्पोत कोंबलं. सुरुवातीची वर्षं भाड्याने खुर्च्या देणाऱ्याकडे गेली. कोणीही यावं, बसावं, खरकटे हात माझ्यावरच पुसावेत. रंग उडाला, एक पाय फेंगडा झाला, तसं मालकाने मला भंगारात काढलं. तिथून मला उचललं वकीलताईंनी.

ताई काही खऱ्या वकील नव्हत्या. कोर्टाची पायरीसुद्धा चढल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा लहानपणापासून मनाच्या आजाराने त्रासलेला. त्याच्यासाठी शाळा, दवाखाने, कचेऱ्या पालथ्या घालता घालता ताई तयार झाल्या. मग तशाच दुसऱ्या मुलांच्या आईबापांसोबत जायला लागल्या. कुठे काय मागायचं, कोणापुढे गप्प बसायचं नाही, ते सांगायच्या. लोकांनीच त्यांना वकीलताई करून टाकलं.

त्यांची एक पद्धत होती. मीटिंगला निघाल्या की मला काखोटीला मारायच्या. कारण ज्या मुलाबद्दल मीटिंग, त्यालाच खुर्ची नसायची. साहेबांना खुर्ची, डॉक्टरांना खुर्ची, आईबापांना निदान स्टूल, आणि पोर बाहेर बाकावर. म्हणून ताई आत शिरल्या की आधी मला टेबलाशी उघडायच्या. एकदा एक शिपाई कुरकुरला, की ताई, आमच्याकडे आहेत की खुर्च्या.

"मग मागच्या वेळी कुठे गेल्या होत्या, चहाला?" ताई म्हणाल्या.

तेव्हा मला काय भाव होता! कोणी माझ्यावर बसून पाय हलवायचं, कोणी नखाने रंग खरवडायचं, कोणी नुसतंच रडायचं. मी एकालाही पाडलं नाही.

मग बारकी आली. नववीतली मुलगी, उंचीने आईच्या वर गेलेली, तरी आईची बारकीच. तिला भर वर्गात भीतीचा झटका यायचा. छातीत धडधड, हात गार, श्वास पुरायचा नाही. पोरं हसायची. एक दिवस तिने शाळेत जाणंच सोडलं. आता शाळेतून निरोप आला होता, की बारकीचं नाव ठेवायचं की काढायचं, ते भेटून ठरवू.

मोठ्या बाईंच्या खोलीत ताईंनी मला टेबलाशी मधोमध उघडलं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ताई, समोर मोठ्या बाई आणि वर्गाचे सर. दार पाठीमागे, बंद. बारकी बसली आणि तिने माझ्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. पोरीला वर्गात काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं त्यांचं म्हणणं. दुसरी शाळा बघा म्हणाल्या. आईला रडूच फुटलं आणि ताई पेटल्या. ताई पेटल्या की समोरच्याला घाम फुटतो. नाव काढायचं नाही, बारकी घरी बसून शिकेल, परीक्षासुद्धा घरूनच देईल, असं त्यांनी टेबल ठोकून सांगितलं. आईने मान हलवली. मोठ्या बाई सुटल्यासारख्या हसल्या आणि लगेच हो म्हणाल्या. सगळे खूश.

मला असा राग आला म्हणून सांगू! जिच्यासाठी मला एवढं मिरवत आणलं, तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. ताईंनीसुद्धा नाही.

बारकी उठली. मला फाटकन मिटलं, उचललं आणि दाराकडे निघाली.

"अगं, कुठे चाललीस? झालंच होतं की सगळं," आई कळवळली.

"बघा. हेच म्हणत होतो आम्ही," सर पुटपुटले.

बारकीने दार सताड उघडलं. बरोबर उंबऱ्यावर मला मांडलं, मागचे पाय बाहेर, पुढचे आत, आणि आत तोंड करून बसली. मी जरा डुगडुगले, मग नेट धरला. तिचा श्वास हळूहळू खाली आला.

"मला घरी नाही शिकायचं," ती म्हणाली. "घरी मी दिवसभर भिंती बघते. मला शाळेत यायचंय. फक्त दाराजवळ बसू द्या. भीती वाटली की बाहेर जाईन, आपली आपण परत येईन. जिथून जाता येतं ना, तिथेच मला बसता येतं."

ताईंनी टेबलावरचा हात मागे घेतला. "तुझ्यासाठी भांडत होते गं, आणि तुलाच विचारायचं राहिलं. चुकलंच माझं."

मोठ्या बाईंनी विचारलं, "आणि परत नाही आलीस तर?"

ताईंनी तोंड उघडलं, पण या वेळी मिटून घेतलं.

"तर कोणीतरी बघायला या," बारकी म्हणाली. "ओरडायला नको. बघायला."

मोठ्या बाई उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची दाराकडे वळवली. "सोमवारपासून ये. दाराजवळचा बाक तुझा."

बारकी शाळेत गेली. कधी तासाला दोनदा बाहेर पडायची, कधी दिवस दिवस बाहेर पडायचीच नाही. ताईंकडे आता प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या आल्यात. मी कपाटाआड असते, माझ्यावर फरशी पुसायची बादली. बारकी आली की बादली खाली ठेवते आणि मलाच ओढून घेते. लाडकी आहे माझी.

मित्रांनो, मला तेल घाला असं मी म्हणणार नाही. घातलंत तर आवडेल. पण तुमच्या वर्गात कोणी मध्येच उठून बाहेर जात असेल, तर हसू नका. परत आल्यावर कुठे गेली होतीस म्हणून खोदून विचारूही नका. जरा सरका, आणि शिकवणं कुठवर आलंय तेवढं बोटाने दाखवा.