वरचे दोन मजले

मेट्रनबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हॉस्पिटलात त्यांचा दरारा अजून शाबूत होता. त्या व्हरांड्यातून निघाल्या की भिंतीला टेकून गप्पा मारणाऱ्या पोरी आजही ताठ उभ्या राहत. बाईंना चिडायला कारण शोधावं लागत नसे, पण या खेपेचं कारण मोठं होतं. हॉस्पिटलच्या आसपासचं घरभाडं नर्सचा पगार गिळून वर ढेकर देत होतं. नर्स, आया, सफाईवाले रात्रपाळी संपवून दोन-दोन बस बदलत शहराबाहेर जात. एका नर्सला बसमध्ये उभ्या-उभ्या डुलकी लागली आणि पडून तिचे पुढचे दात गेले, तेव्हा बाईंनी पदर खोचला.

हॉस्पिटलमागे बंद पडलेल्या लाँड्रीची जागा होती. बाईंनी संस्था काढली, वर्षभर उंबरठे झिजवून ती जागा संस्थेकडे घेतली आणि तिथं पाच मजल्यांची, कायम परवडेल अशा भाड्याच्या घरांची इमारत बांधायला काढली. पाया आणि तळाचे खांब देणग्यांतून झाले. पुढं गाडं अडलं. बँकांचं म्हणणं एकच. घरं विकणार असाल तर कर्ज देतो, भाड्यानं देणार असाल तर ते फिटायला आमची हयात जाईल.

अखेर बाईंनी भाच्याला गळ घातली. बहीण लवकर गेल्यावर त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. बिल्डरांना भांडवल मिळवून देणं हा त्याचा धंदा. त्यानं महिन्याभरात एक गुंतवणूक कंपनी आणली. बाईंनी आनंदानं त्याला जेवायला बोलावलं. जेवता जेवता तो म्हणाला की एक बारीकशी अट आहे, पाच वर्षांनी भाडं बाजारभावानं लावायचं.

"मग तिथं राहील कोण?" बाईंनी विचारलं.

"ज्याला परवडेल तो. मावशी, इमारत तर उभी राहील ना?"

"इमारती काय, शहरात खंडीभर आहेत. तुला यात किती मिळणार?"

त्यानं आमटीची वाटी भातावर ओतली. पण बाई बोलायच्या थांबेनात, तेव्हा त्याचाही तोल सुटला. "ज्या पैशावर तू एवढी आग पाखडतेस ना, तो तुमचाच आहे. त्या कंपनीत सगळ्यात मोठा वाटा नर्सच्या पेन्शन फंडाचा आहे. महिन्याच्या महिन्याला तुझ्या खात्यात येतं, ते अशाच भाड्यांतून येतं."

बाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. भाच्याचा राग होताच, पण तो खोटं बोलत नाही हे कळून त्यांना स्वतःच्या घशाखाली गेलेला घासही नकोसा झाला. त्यांनी त्याला जेवण पुरं करू दिलं आणि मग दार उघडून उभ्या राहिल्या. तो गेला.

पेन्शन फंडाच्या वार्षिक सभेला बाई सहसा फिरकत नसत. त्या वर्षी पहिल्या रांगेत बसल्या. अध्यक्षांनी सांगितलं की फंड अगदी उत्तम चाललाय, घरबांधणीतली गुंतवणूक तर सोन्याहून पिवळी. बाई उठल्या. माईक त्यांनी मागितला नाही.

"तुमच्यापैकी कोणाकोणाच्या मुली-सुना आज आपल्या हॉस्पिटलात आहेत?"

बरेच हात वर झाले.

"त्यातल्या कोण चालत घरी जातात?"

हात एकेक करून खाली आले.

"त्यांना घराबाहेर काढायला पैसा आपण पुरवलाय. आपल्या पेन्शनीतून."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून ऑपरेशन थिएटरची एक जुनी सिस्टर उठली. तिची पेन्शन औषधांतच संपते, त्यातले चार पैसे कमी झाले तर बाई भरून देणार का, असं तिनं विचारलं. तिचं खरं होतं, आणि त्याचाच बाईंना जास्त संताप आला.

पुढं बैठकांवर बैठका झाल्या. बाई भांडल्या, अध्यक्षांनी घाम पुसला. शेवटी फंड स्वतःच कर्ज द्यायला तयार झाला, कमी व्याजानं आणि लांब मुदतीनं. भाडं पगाराच्या मानानंच वाढेल हेही कबूल केलं. पण जोखीम नको म्हणून पैसे तीनच मजल्यांचे.

वरच्या दोन मजल्यांवर ज्यांना घरं मिळायची होती, त्यांना बाई स्वतः जाऊन भेटल्या. शेवटी राहिली रात्रपाळीची आया. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं."

"पुष्कळ म्हणू नकोस," बाई कडाडल्या. ती बिचारी दचकली. बाईंनी तिचा हात धरला, पण आवाज काही खाली आला नाही. "पुष्कळ म्हणालीस की फंडवाले सुटले."

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला त्या दिवशी भाचा रस्त्यापलीकडे गाडी थांबवून उभा होता. बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. इंजिनिअरनं येऊन विचारलं, वरच्या दोन मजल्यांसाठी खांबांतून वर काढलेल्या सळ्या आता कापून टाकू का, उगाच गंजतील.

"हात तर लावून बघ," बाई म्हणाल्या, आणि पर्स काखेत मारून फंडाच्या ऑफिसकडे चालू लागल्या.