सूट क्रमांक अकरा

"वहिनी, हे काय आहे?" कलमकाकांनी विचारलं. विचारता विचारताच ते काय आहे हे त्यांना कळलं होतं.

जेवणाच्या डब्याच्या कापडी पिशवीतून वहिनींनी टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली होती, अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवली होती आणि टॉवेल बाजूला केला होता. आत पिस्तूल होतं. काळं, कडांचा रंग उडालेलं.

"यांचं आहे," वहिनी म्हणाल्या. "ठेवून घ्या. मी परत नेणार नाही."

"भरलेलं आहे?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

कलमकाका इतक्या झटकन उठले की खुर्ची मागे पडली. सव्वीस वर्षं शस्त्रांच्या कागदांत गेली होती, पण खरं पिस्तूल त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं, आणि आजही धरण्याची इच्छा नव्हती. त्यांनी दारावरच्या गार्डला हाक मारली. हाक चमत्कारिक निघाली असावी, कारण एरवी तीनदा बोलावल्याशिवाय न हलणारा गार्ड धावतच आला.

त्याने पिस्तूल उचललं, भिंतीकडे रोखलं, मॅगझिन काढलं आणि वरचा भाग मागे खेचला. एक गोळी टणकन फरशीवर पडली आणि घरंगळत कपाटाखाली गेली.

"नळीतच होती," गार्ड म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पाच मिनिटांपूर्वी त्यानेच वहिनींना दारातून आत सोडलं होतं. "काका, मी पिशवी बघितलीच नाही हो. वहिनींची पिशवी काय बघायची? दर वर्षी येतात."

दर वर्षी येतात, हे खरंच होतं. या राज्यात शस्त्र बाळगून रस्त्यावर फिरायला कायद्याने बंदी होती आणि त्या बंदीतून कोणाकोणाला सूट आहे याची चौदा कलमांची यादी होती. बँकेचे गार्ड, नेमबाजीचे खेळाडू, पोलीस, निवृत्त पोलीस, असे चौदा. ही यादी कलमकाकांना तोंडपाठ होती, म्हणून तर ऑफिसात त्यांचं मूळ नाव कोणाला आठवत नव्हतं. त्यांची बायको म्हणायची, "एवढी सूट जगाला देता, मला एक रविवार स्वयंपाकातून द्या."

निवृत्त पोलिसांचं कार्ड दर वर्षी नवं करावं लागे. त्यासाठी माणसाने स्वतः यायचं, कलमकाकांनी त्याला बघायचं, चार प्रश्न विचारायचे आणि फाइलवर "समक्ष पाहिले" असं लिहून शिक्का मारायचा. पण म्हाताऱ्या माणसांना दोन जिने चढायला लावायचं कलमकाकांच्या जिवावर यायचं. बायको किंवा सून अर्ज घेऊन आली की ते म्हणत, "त्यांना कशाला दगदग? मी मारतो शिक्का." लोक दुवा देऊन जात. सगळ्या ऑफिसात हीच रीत पडली होती आणि ती आपण पाडली याचा कलमकाकांना थोडा अभिमानही होता.

वहिनींचे यजमान निवृत्त फौजदार होते. कलमकाकांनी त्यांना शेवटचं पाहिलं त्याला सहा वर्षं झाली होती.

गार्डने खुर्ची उभी केली. वहिनींना पाणी दिलं. त्यांनी ते हातात नुसतंच धरून ठेवलं.

"झालं काय, वहिनी?"

"सकाळी मी ओट्यापाशी होते. मागून आवाज आला, 'हात वर कर.' मला वाटलं, गंमत करतायत. चला, आज जरा बरे दिसतायत. वळून बघते तर हातात हे. म्हणाले, 'घरात कशी शिरलीस?' मी म्हटलं, 'अहो, मी आहे.' आणि एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी चाप ओढला."

कलमकाकांनी टेबलाची कड धरली.

"उडालं नाही," वहिनी म्हणाल्या. "ती बारीक कळ असते ना, आधी खाली करायची, ती करायची विसरले. हल्ली सगळंच विसरतात, तेही विसरले. म्हणून मी आहे."

गार्ड हळूच म्हणाला, "सेफ्टी लावलेलीच होती, काका. बघितली मी."

"मग?"

"मग ते ओट्यावर ठेवून दिलं आणि म्हणाले, 'चहा झाला का?'"

शेजारच्या टेबलावरचा पंखा कागद फडफडवत होता.

"पण हे इतके दिवस घरात उघडं कसं, वहिनी? काढून घ्यायचं होतं, लपवायचं होतं!" कलमकाकांचा आवाज चढला. त्यांना कोणावर तरी रागवायचं होतं.

"लपवलं होतं. दोनदा. शोधून काढायचे. भांडायचे. मग कार्ड आणून माझ्या नाकासमोर धरायचे. म्हणायचे, 'हा शिक्का बघ. सरकारने मला तपासून दिलाय. तू कोण मला वेडा ठरवणारी?'" वहिनी थांबल्या. "तुमचा शिक्का दाखवायचे हो, भाऊ."

कलमकाकांनी फाइल काढली. दोरी सुटायलाच वेळ लागला. आत सहा कागद होते आणि सहाही कागदांवर त्यांच्या गोल अक्षरात तेच दोन शब्द होते. सगळ्यात वरच्या कागदाची शाई अजून ताजी दिसत होती. जेमतेम दोन महिने झाले होते त्याला.

"मागच्या वर्षी मी बोलले होते तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. त्यात ठपका नव्हता. "म्हटलं होतं, यांचं हल्ली काही खरं नाही."

बोलल्या होत्या. कलमकाकांना लख्ख आठवलं. त्यावर आपण हसून काय म्हणालो तेही आठवलं. वय झालं की सगळ्यांचं तसंच होतं, वहिनी. आणि शिक्का मारला होता. वहिनींना नकार हवा होता आणि आपण त्यांना मेहरबानी दिली होती.

एवढ्यात आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. साहेब वयाने कलमकाकांच्या मुलीएवढे, माणूस वाईट नव्हता, पण चुकायला घाबरायचा. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं आणि वहिनींना एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही हे घरून इथपर्यंत आणलंत कसं?"

"बसने."

"बसने? भरलेलं पिस्तूल?"

"उभी राहूनच आले. बसायला जागा नव्हती."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "बाई, कार्ड त्यांच्या नावाचं आहे. सूट त्यांना आहे, तुम्हाला नाही. तुम्ही गुन्हा केलाय. साधासुधा नाही, तुरुंग आहे याला. मला ठाण्यात कळवावंच लागेल."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. सकाळपासून घडलेल्या सगळ्यात हे त्यांना सर्वांत अनपेक्षित होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "मी? मी काय केलं?"

"थांबा, साहेब," कलमकाका म्हणाले. यादी त्यांच्या डोक्यात आपोआप फिरायला लागली होती. "अकरा नंबर. हल्लेखोराच्या हातचं शस्त्र काढून घेऊन, वाटेत कुठेही न थांबता, थेट अधिकाऱ्याकडे जमा करायला नेणारी व्यक्ती. तिला सूट आहे."

हे कलम त्यांच्या सव्वीस वर्षांत कधी लागलं नव्हतं. त्याचा छापील अर्ज तळच्या खणात सापडला, कडेला वाळवी लागलेला. साहेबांनी तो वाचला आणि सुटकेचा श्वास टाकला. "झालं तर मग. एवढा भरा, सही करा, सुटलात. पाच वाजेपर्यंत माझ्याकडे आला की मी कुठे कळवत नाही."

कलमकाकांनी पेन उघडून वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी चष्मा लावला. स्वतःचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"हल्लेखोराचे नाव," त्यांनी वाचलं. "इथे काय लिहू?"

"फौजदारांचं लिहा."

"नाही."

"वहिनी, नुसता कागद आहे हा. त्यांना कोणी हात लावणार नाही. डॉक्टरांचा दाखला जोडू."

"कागद राहतो ना पण?" त्यांनी पेनचं टोपण लावलं. "बत्तीस वर्षं नोकरी केली त्यांनी. एकदासुद्धा कोणावर हात टाकला नाही म्हणून बाकीचे चिडवायचे. त्यांच्या नावावर हे लिहू मी? भाऊ, घरात चोर शिरलाय असं वाटलं त्यांना. मी ओट्याशी आहे हे ठाऊक असेल आणि मला वाचवायलाच उठले असतील. त्यांना काय माहीत, चोर पण मीच होते."

"मग तुरुंगात जाल!" साहेब ओरडले.

"न्या."

साहेबांनी कलमकाकांकडे पाहिलं, तुम्हीच समजवा, अशा नजरेने. कलमकाकांनी फाइल उघडून साहेबांपुढे धरली. "साहेब, हे सहाही 'समक्ष पाहिले' माझे आहेत. मी त्यांना पाहिलेलं नाही. एकदाही नाही."

"हे आत्ता कशाला सांगताय? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या!"

"लेखी देतो," कलमकाका म्हणाले, आणि तिथेच बसून त्यांनी ते लिहिलं. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

पिस्तूल कुलपात गेलं. पण कार्ड घरी होतं आणि ते ताब्यात घ्यायला कोणीतरी जाणं भाग होतं, म्हणून कलमकाका वहिनींबरोबर निघाले. अकरा नंबरचा अर्ज त्यांनी घडी करून खिशात टाकला. कदाचित घरी गेल्यावर वहिनींचं मन बदलेल, अशी आशा होती. बसमध्ये या वेळी जागा मिळाली. दोघं शेजारी बसले. समोरच्या बाकावरची बाई बाळाला खिडकीतून गाड्या दाखवत होती. सकाळीही अशीच कोणीतरी इथे बसली असेल, हे कलमकाकांच्या मनात आलं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. शेजारीण फौजदारांजवळ बसली होती, ती उठून गेली. फौजदार खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसले होते. कलमकाकांना आठवत होता तो धिप्पाड माणूस कुठेच नव्हता. मनगटं काडीसारखी झाली होती आणि शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. एवढं बघायला दोन जिने पुरले असते.

"ठाण्यातून आलात?" फौजदारांनी विचारलं.

"ऑफिसातून, साहेब. तुमचं कार्ड हवं होतं."

ते कुरकुरतील, भांडतील, अशी तयारी कलमकाकांनी वाटभर केली होती. पण त्यांनी वरच्या खिशातून कार्ड काढलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि अदबीने पुढे केलं. "मुदत संपली का?"

"हो. संपली."

फौजदारांनी मान हलवली. मग ते पुढे वाकले. आवाज अगदी खाली आला.

"एक विचारायचं होतं. सकाळी इथे एक बाई होती. मी तिच्यावर..." त्यांनी हात वर केला आणि तो तसाच राहिला. "तिला काही झालं नाही ना?"

वहिनी पाण्याचं भांडं घेऊन खुर्चीशीच उभ्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही झालं नाही तिला."

"नक्की?"

"नक्की. अगदी सुखरूप आहे."

"भेटली तर सांगा तिला. मला तसं करायचं नव्हतं."

"सांगते."

वहिनींनी भांडं खाली ठेवलं आणि त्यांच्या शर्टाची चुकलेली बटणं वरून सोडवायला घेतली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. पाचच्या आत ऑफिसात पोचायला अजून वेळ होता. कलमकाकांचा हात खिशावर गेला आणि तिथून परत आला.

"वहिनी, कोर्टात मी येईन तुमच्याबरोबर. सगळं सांगेन."

"तुमचं तुम्ही सांगालच, त्या शिक्क्यांची तारीख वेगळी लागेल," वहिनी म्हणाल्या. त्यांचं लक्ष बटणांत होतं. "माझ्या तारखेला मात्र तुम्ही इथे या. मी येईपर्यंत यांच्याजवळ बसायला कोणीतरी लागेल."

"बसतो," कलमकाका म्हणाले.

फौजदारांनी हनुवटी वर केली. गळ्याचं बटण लागेपर्यंत ते तसेच थांबून राहिले.