वजडी थंड नव्हती

अर्णवच्या आईवडिलांनी आम्हाला जेवायला घरी न बोलावता हॉटेलात बोलावलं, याचं माझ्या आईला तेव्हाच नवल वाटलं होतं. "पहिल्यांदा भेटायचं तर घर दाखवतात गं माणसं," ती म्हणाली. मी तिला समजावलं, हल्ली असंच असतं, निवांत बोलता येतं, कुणाला स्वयंपाकाचा ताप नाही. अर्णवने मला जे सांगितलं होतं तेच मी तिला ऐकवलं.

हॉटेल म्हणजे लोअर परळला एका बंद मिलच्या आवारात नवीन निघालेली ब्रासरी. नाव फ्रेंच, दारावर पितळेच्या अक्षरांत. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहतो, म्हणजे घरापासून चालत पंधरा मिनिटं. पण आईने टॅक्सी करायला लावली. मोरपंखी इरकल नेसली होती, घामाने चुरगळली असती. बाबा मी बारावीत असताना गेले. तेव्हापासून आम्ही दोघीच. आई महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स होती, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाली. मी परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. अर्णव तिथेच भेटला, फुटबॉल खेळताना दुखावलेला गुडघा घेऊन आला होता. गुडघा बरा झाला तरी तो येत राहिला.

दोन वर्षं आम्ही बरोबर होतो. तो आमच्या खोलीवर कितीदा आला असेल. भिंतीवरचे फोटो त्याने पाहिले होते, बुद्धपौर्णिमेची खीर खाल्ली होती, एकदा तर आईने केलेली वजडी भाकरीबरोबर दोनदा मागून घेतली होती आणि शेवटी बोटं चाटली होती. लग्नाचं ठरलं तेव्हा मी त्याला एकच विचारलं होतं.

"घरी सगळं सांगितलंस ना?"

"सगळं," तो म्हणाला. "अगं, ते लोक खूप ओपन आहेत."

ती ओपन माणसं आमच्या आधीच येऊन बसली होती. हितेंद्रकाका उंच, गोरे, केस मागे वळवलेले. सुमेधाकाकूंनी फिकट लिननची साडी आणि एकच मोठा मोती घातला होता. त्या उठून आईच्या गळ्यात पडल्या. "राधाताई, किती छान साडी!" आई लाजली. मला बरं वाटलं. लाल चामड्याचे लांब कोच, काळ्यापांढऱ्या फरशा, भिंतभर आरसे. प्रत्येक आरशात खाणारी तोंडं दिसत होती, एकामागे एक. लोण्याचा आणि वाइनचा वास इतका दाट होता की श्वास घेतला तरी तोंडात चव यायची.

"इथे सगळं मध्ये ठेवून शेअर करायचं असतं," काकू म्हणाल्या. "फ्रेंच लोकांचं हेच मला आवडतं. एका भांड्यातून सगळे."

त्यांनीच ऑर्डर दिली. आधी कोंबडीच्या कलेजीचं पाते आलं, ब्रेडवर फासायचं. मग मटणाच्या भाजलेल्या नळ्या, बरोबर लांब दांड्याचे चमचे. काकांनी आईला नळीतला मगज कसा काढायचा ते दाखवायला सुरुवात केली. आईने दोन बोटांत नळी धरली आणि सुर्रकन ओढून मोकळी केली. काका खो खो हसले. आई म्हणाली, "आमच्याकडे यावरून मारामाऱ्या व्हायच्या."

मग वेटरने एक झाकणाचं लोखंडी भांडं आणून मध्ये ठेवलं. झाकण काढलं तशी वाफ वर आली. "लॅम्ब ट्राइप, मॅम. शेफचं स्पेशल."

काकूंनी डोळे मिटून वास घेतला. "फ्रान्सला गेलो होतो ना, तिथे एका छोट्याशा गावात खाल्लं होतं. तेव्हापासून शोधतेय." त्यांनी स्वतःला वाढून घेतलं, मग आईला वाढलं. दोन-तीन घास खाऊन मान डोलावली. "किती डेलिकेट!"

आईने घास घेतला, चावला आणि तिचा चेहरा खुलला. "अगो बाई, ही तर वजडी!"

"काय?" काकू म्हणाल्या.

"वजडी हो. बोकडाचं पोट. आम्ही चुना लावून गरम पाण्यात खरवडून काढतो, तेव्हा कुठे पांढरी होते. यांनी चांगली साफ केलीय. तिखट हवं होतं जरा." ती अर्णवकडे वळली. "काय रे, तुला तर आवडते ना माझ्या हातची?"

अर्णवने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मला वाटलं, घास अडकला असेल.

काकू हसल्या, पण तोंड बंद ठेवून. काकांनी विषय बदलला. "मग, जाधवताई, मूळ गाव संगमेश्वर ना? अर्णव सांगत होता, जुनं घराणं आहे म्हणून. आमच्या ओळखीत एक जाधव आहेत तिकडचे, मोठे जमीनदार. मला सांगा, तुमचं देवक काय? म्हणजे आमच्या गुरुजींना आधी कळवायला लागेल."

आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग काकांकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आम्हाला देवक-बिवक नाही हो. आम्ही बौद्ध."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसलं. आमच्या टेबलावर काकांनी हातातला ब्रेड प्लेटमध्ये ठेवला.

"हो का?" काका म्हणाले. "छान. छान छान. बुद्ध म्हणजे... मेडिटेशन वगैरे. मीसुद्धा विपश्यना केलीय, दहा दिवस."

मी अर्णवकडे पाहिलं. तो मेन्यूकार्ड वाचत होता. जेवण समोर वाढलेलं आणि हा मेन्यूकार्ड वाचत होता. तेव्हा मला कळलं की त्याने काय सांगितलं होतं आणि काय नव्हतं. तरी त्या क्षणी मला फक्त राग आला होता. किळस अजून यायची होती.

सुमेधाकाकूंनी काटा खाली ठेवला. रुमालाने ओठ पुसले, मग पुन्हा पुसले, जिभेवर काहीतरी राहिल्यासारखं. त्यांची नजर त्या भांड्यावर होती. आईचा चमचा त्या भांड्यात होता. तिने मघाशी थोडा रस्सा घेतला होता आणि चमचा तसाच ठेवला होता, आपल्या घरी ठेवतो तसा.

काकूंनी बोट वर करून वेटरला बोलावलं. "हे थंड झालंय. दुसरं आणा."

वेटरने भांड्याकडे पाहिलं. भांड्यातून वाफ निघत होती. "मॅम, गरम करून आणू?"

"नको. नवीन आणा. आणि प्लेट्स बदला."

वेटर आईची प्लेट उचलायला वाकला. "त्यांची नको," काकू म्हणाल्या. "त्या जेवताहेत अजून. या तीन."

त्यांनी आपली प्लेट पुढे सरकवली. काकांनी घसा साफ केला आणि आपली सरकवली. आणि अर्णवने आपली प्लेट दोन्ही हातांनी उचलून, अदबीने, वेटरच्या हातात दिली. त्यात अर्धी खाल्लेली वजडी होती. ती त्याने स्वतःच वाढून घेतली होती.

त्याचे हात मी दोन वर्षं पाहत होते. त्या हातांनी त्याने आमच्या खोलीत भाकरी मोडली होती. आता तेच हात मला ओल्या, गिळगिळीत, कुठल्यातरी डबक्यातून निघालेल्या वस्तूसारखे दिसायला लागले.

वेटर भांडं उचलणार तेवढ्यात आईने त्याच्या काठावर हात ठेवला. "हे राहू दे, बाळा. आम्ही खातोय." आणि काकूंना म्हणाली, "थंड नव्हतं हो ते. वाफ येत होती."

"नाही, तसं नाही राधाताई, मला ना ॲसिडिटी..."

"मग दुसरी तरी कशाला खाता?"

आई खात राहिली. घाई नाही, राग नाही. ब्रेडचा तुकडा मोडायचा, रश्शात बुडवायचा, खायचा. तिला किती कळलंय ते मला कळत नव्हतं. मग तिचा डावा हात दिसला. मांडीवर, इरकलच्या पदरात घट्ट वळलेला.

नवीन भांडं आलं. ते टेबलाच्या त्या टोकाला ठेवलं गेलं. काकूंनी काकांना वाढलं, अर्णवला वाढलं. आणि तो जेवायला लागला. हे मी आयुष्यभर विसरणार नाही. तो जेवायला लागला, भूक लागली होती म्हणून. ओठांना तुपकट रस्सा लागला होता, हनुवटीवर एक थेंब होता. तो जबडा हलताना बघून मला वाटलं, आता इथेच ओकेन. त्या तोंडाने त्याने मला काय काय सांगितलं होतं.

"तू तुझी प्लेट का दिलीस?" मी विचारलं.

"प्रिती, आता इथे नको."

"वजडी माझ्या आईच्या हातची दोनदा मागून घेतोस. इथे एका भांड्यात तिचा चमचा पडला तर प्लेट बदलतोस?"

"दोनदा?" काकू अर्णवकडे बघून म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते लपवायचं भानही त्यांना राहिलं नाही. मुलाच्या पोटात काय काय गेलंय याची भीती होती ती.

"आवाज खाली ठेव बेटा," काका म्हणाले. "लोक बघताहेत."

"बघू देत."

आईने शेवटचा घास संपवला, हात पुसले आणि उठली. "जेवण चांगलं होतं," ती म्हणाली. "चल गं."

बाहेर ऊन रणरणत होतं. गेटापर्यंत आलो तर अर्णव मागून पळत आला. "प्रिती, ऐक ना. तू ओव्हररिॲक्ट करतेयस. मी हळूहळू सांगणार होतो त्यांना. आधी तू आवडली असतीस, मग सांगितलं असतं. आई जुन्या वळणाची आहे, तिला वेळ लागतो."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू कुठल्या वळणाचा?"

त्याने मागे वळून हॉटेलच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी तिथे सीन केला असता तर काय झालं असतं? एक प्लेट तर होती. मी नंतर सगळं सांभाळलं असतं."

तो जवळ आला. त्याच्या श्वासाला लोण्याचा, वाइनचा आणि त्या वजडीचा वास होता. मी फुटपाथच्या कडेला वाकले आणि गटारात ओकले. कलेजी, नळी, सगळं. आईने माझं कपाळ धरलं, प्रसूतिगृहात हजार बायांचं धरलं असेल तसं. तिच्या पदराला शिंतोडे उडाले. अर्णव झटकन मागे सरकला आणि खाली आपल्या बुटांकडे बघू लागला.

"जा तू," आई त्याला म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "तुझं जेवण थंड होईल."

तो गेला. खरंच गेला.

पुढचे दिवस मी रडले नाही. सगळ्यांना वाटत होतं मी रडेन. चाळीतल्या बायका येऊन डोक्यावरून हात फिरवून जायच्या. पण मला दुःख होतच नव्हतं. मळमळायचं. त्याचे मेसेज आले की फोन हातात धरवेना. दोन वर्षांतली एकेक गोष्ट आठवायची आणि तिच्यावर तो तुपकट थर दिसायचा. पेशंटचा पाय हातात घ्यायचा म्हटलं तरी आधी साबणाने हात धुवावेसे वाटायचे, माझेच. त्याने धरलेले होते ना.

दोनेक आठवड्यांनी सुमेधाकाकूंचा फोन आला. आवाजात साखर.

"प्रिती, झालं गेलं विसरून जाऊ. अर्णव जेवत नाही नीट. आम्ही दोघांनी खूप विचार केला आणि आमची काही हरकत नाही. आपण रजिस्टर करू. रिसेप्शन आम्ही प्रभादेवीला देऊ. तुमच्याकडची मोजकी माणसं, म्हणजे शिकलेली. आणि पत्रिकेवर बुद्ध चालेल हं, तो तर सगळ्यांचाच. फक्त बाबासाहेबांचा फोटो वगैरे नको, उगाच चर्चा होते. तुला कळतंय ना? तू तर दिसतेसही आमच्यासारखीच."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बक्षीस दिल्यासारखं म्हटलं. माझ्या अंगावर काहीतरी चिकट सरपटत गेल्यासारखं झालं.

"काकू," मी म्हटलं, "मला तुमच्या घरात पाणी प्यायचं नाही."

पलीकडे आधी काही कळलं नसावं. मग त्या म्हणाल्या, "हे काय बोलणं झालं? आम्ही एवढं मोठं मन करतोय..."

मी फोन ठेवला आणि दोन्ही नंबर ब्लॉक केले. आई दारात भाजी निवडत बसली होती, तिने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी शेजारच्या मालनमावशी आल्या, तिला विचारू लागल्या, एवढं चांगलं स्थळ, का मोडलं?

"माणसं स्वच्छ नव्हती," आई म्हणाली.

"म्हणजे? घर घाण होतं?"

"घर कुठे दाखवलं त्यांनी," आई म्हणाली आणि मेथीच्या काड्या पेपरात गुंडाळल्या.

त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. मेथी, भाकरी, कांदा. पण मळमळ पूर्ण गेलेली नाही. आजही कुठे लोण्यावर काही परततात तो वास आला की मी रस्ता ओलांडते. आई म्हणते जाईल. गरोदरपणातली असते तशीच ही, वेळ घेते, पण जाते. मी तिला विचारलं, तुला नाही का येत? ती म्हणाली, मला लहानपणापासून सवय आहे.