नापास करणारी खुर्ची

सुताराला राग आला की रंधा आपोआप चालायला लागतो, असं त्याची बायको सांगायची. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. त्या दिवशी इस्पितळात तर टेबलावरचा गार झालेला चहा त्याच्या रागानं पुन्हा वाफाळला.

कारणही तसंच होतं. एकाहत्तराव्या वर्षी त्याचं यकृत पार कामातून गेलं होतं. डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी. दुसऱ्याचं यकृत मिळायचं तर आधी यादीत नाव हवं, आणि त्यासाठी परीक्षा: हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं. चार वेळा तो उठला. पाचव्यांदा मागे कोलमडला.

"वय बघून आम्ही कुणाला नाकारत नाही, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अंगात ताकदच नसेल तर एवढं मोठं ऑपरेशन झेपायचं कसं?" आणि कागदावर त्यांनी 'नापास' लिहिलं.

"आजोबा नातवंडांचा. तुम्ही सुतार म्हणा!"

"अहो, गप बसा," बायकोनं कोपर मारलं. "तुमचा जीव त्यांच्या हातात आहे."

"आणि खुर्ची माझ्या!" म्हणत त्यानं ती उलटी केली आणि खिशातून टेप काढली. पन्नास वर्षं खुर्च्या केलेला माणूस. बूड टेकताच त्याला खोड कळली होती. मागचे पाय दीड इंच आखूड निघाले.

"ही खुर्ची नाही, घसरगुंडी आहे! बसा तुम्ही. घाला हाताची घडी."

डॉक्टरीणबाई जेमतेम चाळिशीच्या. तरी पाचव्यांदा उठताना त्यांचा हात टेबलाकडे गेला. बायको फिसकन हसली.

मग सरळ स्टूल आलं. त्यावरून तो सात वेळा उठला. बायको अकरा सांगते. पाय लटपटत होते, पण उठला.

"पास," डॉक्टरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "नाव घालते यादीत."

बायकोनं डोळे पुसले, पिशवी उचलली. "चला."

तो हलला नाही. "ही खुर्ची इथे कधीपासून आहे?"

"सहा वर्षं झाली असतील."

"आणि हिनं नापास किती केले?"

डॉक्टरीणबाईंनी कपाटातल्या जुन्या फायलींकडे पाहिलं.

"अहो, आपलं काम झालं ना?"

"झालं कसलं डोंबलाचं! किती म्हातारी माणसं इथून घरी गेली असतील, स्वतःच्याच पायांना शिव्या देत. आपल्यातच दम उरला नाही म्हणत मेली असतील! जी जिवंत असतील त्यांना बोलवा. आत्ता. माझ्यासमोर."

"तुमचं नाव आधी लिहून घेते, मग—"

"त्यांच्या खाली लिहा."

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. मग पिशवी खाली ठेवली आणि टेबलावरचा फोन डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला.